गीता जगलेले विनोबा

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीचा काळ. बडोदे शहरातील एका मराठी घरात, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी आई आणि तिचा थोरला मुलगा यांच्यात गीतेविषयी बोलणे चालले होते. आईला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत तिला येत नव्हते. म्हणून तिने मुलाला मराठी गीता आणायला सांगितले. त्याने आधी एक गद्य भाषांतर आणले. आईला ते रुचले नाही. गीता म्हणजे गाता यावी, तोंडी म्हणता यावी, असे तिला वाटत होते. मग मुलाने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. काही दिवसांनी आईने तीही परत केली. मराठीच, पण तिला जड जाणारी मराठी. याहून सोपी पद्य गीता आपल्या पाहण्यात नाही, असे मुलाने हताशपणे सांगितले. तेव्हा आई सहज म्हणून गेली की, मग तूच का लिहीत नाहीस. तुला ते जमेल.

हा मुलगा म्हणजे विनायक नरहर भावे. पुढे साऱ्या देशाने ज्यांना विनोबा म्हणून ओळखले ते. आईची ही मागणी पुरी होण्यास पुढे पंधराएक वर्षे लागली. ती पुरी झाली तेव्हा मागणारी या जगात नव्हती. मात्र धर्मग्रंथ कोणासाठी असतो आणि तो दिवसाच्या कोणत्या घटकेला उपयोगी पडावा, या प्रश्नाचा शोध त्या उंबरठ्यावर सुरू झाला, आणि विनोबांच्या सत्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तो कधी थांबला नाही.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे या लहानशा गावी झाला. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ आणि कडक नेमाचे गृहस्थ होते. वडील नरहरपंत आधुनिक वृत्तीचे, रसायन आणि रंगकामात गती असलेले, हिशेबी आणि शिस्तप्रिय होते. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास आले आणि सयाजीराव महाराजांच्या त्या राजधानीत विनायकाचे शिक्षण झाले. आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकाकडील. कानडी भजने त्यांच्या ओठांवर असत. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. घरातील सर्वांची जेवणे आटोपली की दुपारी त्या देवापुढे बसत, पूजा करत, आणि शेवटी हात जोडून अपराधांची क्षमा मागताना त्यांचे डोळे भरून येत. मोठेपणी विनोबांनी असंख्य ग्रंथ अभ्यासले. तरी भक्तीचा पहिला पाठ म्हणून त्यांनी या भरल्या डोळ्यांचीच आठवण वारंवार सांगितली.

घरातील धर्म हा पोथीत बांधून ठेवलेला नव्हता. मुलांनी तुळशीला पाणी घातले आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज आई त्यांना जेवायला वाढत नसे. अंगणातील फणस पिकला तर त्याचे गरे आधी शेजारीपाजारी वाटले जात आणि मगच घरच्यांच्या वाट्याला येत. एकदा दारी एक धडधाकट भिकारी आला. आईने त्याला भिक्षा घातली, तेव्हा विनायकाने अर्थशास्त्राचा आधार घेऊन आक्षेप घेतला: अशाने आळसाला उत्तेजन मिळते. दारी आलेल्याची पात्रता ठरवणारे आपण कोण, त्याला देव समजून देणे एवढेच आपले काम, असे आईचे उत्तर होते. या उत्तराचे खंडन करणारा युक्तिवाद आपल्याला पुढे कधी सापडला नाही, अशी कबुली विनोबांनी उतारवयात दिली.

आणखी एक प्रसंग. आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजून ती वाही. नरहरपंतांनी एक व्यवहारी तोड सुचवली. एक तोळा तांदळात किती दाणे भरतात ते पाहावे, त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे, आणि चूक राहू नये म्हणून थोडे जास्त घालावेत. आई गोंधळली, हिशेब तर बिनचूक होता. संध्याकाळी तिने विनायकाला विचारले. हे गणिताचे काम नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते म्हणून दाणा मोजायचा, असे त्याने सांगितले आणि आईचे समाधान झाले. वडिलांची गणिती बुद्धी आणि आईची श्रद्धा या दोन्हींचा वारसा त्याला लाभला होता. त्याला गणित अत्यंत प्रिय होते. गणित कोठे थांबवायचे हेही तो याच घरात शिकला.

शाळेत वडिलांच्या इच्छेने विनायकाने फ्रेंच भाषा घेतली. मुलाने संस्कृत सोडून फ्रेंच घेतल्याचे आईला नवल वाटले आणि थोडे वाईटही. तिचा तो शब्द मनात घेऊन त्याने स्वतःच संस्कृतचा अभ्यास आरंभला. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय ही त्याची दुसरी शाळा झाली. मित्रांना जमवून त्याने विद्यार्थी मंडळ काढले, व्याख्याने दिली आणि शहराच्या रस्त्यांवरून मैलोगणती पायी भटकंती केली. परीक्षांवर मात्र त्याचा जीव नव्हता. एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने आपली प्रमाणपत्रे एकेक करून जाळली. आईने हटकले, तेव्हा यांचा आपल्याला उपयोग नाही, असे त्याने सांगितले.

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विनायक सुरतेलाच उतरला आणि काशीची वाट धरून निघून गेला. त्याच्या मनाला एकीकडे हिमालयातील साधनेची ओढ होती, दुसरीकडे बंगालमधील क्रांतिकारकांचे आकर्षण. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात त्या वर्षी फेब्रुवारीत गांधीजींनी केलेल्या भाषणाची चर्चा अजून त्या शहरात होती. विनायकाने गांधीजींना पत्रे लिहिली, आणि भेटीला येण्याचे उत्तर आल्यावर तो ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळील कोचरबच्या आश्रमात दाखल झाला. तेथे गांधीजी भाजी चिरत बसलेले त्याला दिसले, आणि त्याच्याही हाती सुरी देण्यात आली. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती या दोन्ही गोष्टी आपल्याला त्या एका माणसापाशी मिळाल्या, असे विनोबा पुढे मानत आले. धर्मविचार आणि भाजी चिरणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे आईच्या घरात अजाणता कळलेले सत्य येथे जाणतेपणाने समोर आले.

१९१७ मध्ये आश्रमातून एक वर्षाची रजा घेऊन विनोबा वाईस गेले. तेथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचे अध्ययन केले. त्याच वर्षात त्यांनी गीतेचे वर्ग घेतले, महाराष्ट्रात पायी प्रवास केला, आश्रमाची सारी व्रते पाळली, आणि वर्ष भरताच ठरल्या दिवशी ते आश्रमात परतले.

त्याच वर्षी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली आणि बडोद्याच्या घरातही शिरली. २४ ऑक्टोबर १९१८ रोजी आई गेली. विनोबा त्या वेळी घरी होते. आईचे अंत्यसंस्कार पुरोहिताकरवी न करता आपल्याच हातांनी आणि आपल्याच मुखाने मंत्र म्हणून करावेत, असा त्यांचा आग्रह होता. घरच्यांना तो मान्य झाला नाही. तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. घरी बसून राहिले आणि ग्रंथ वाचत राहिले. लौकिक दृष्टीने हे वागणे कठोर होते आणि अनेकांना ते तसे वाटलेही. पण ज्या शब्दांचा अर्थ उच्चारणाऱ्याच्या हृदयात नाही ते शब्द मोल देऊन म्हणवून घेणे म्हणजे आईच्या भाबड्या भक्तीचा अपमान होय, अशी त्यांची धारणा होती. आईच्या आठवणीसाठी त्यांनी तिची एक साडी जवळ ठेवली होती. काही काळ ती उशाला घेऊन ते झोपत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर ती साडी खादीची नाही हे ध्यानी आले, आणि त्यांनी ती साबरमतीत विसर्जित केली. आता आईचे मागे राहिलेले एकच मागणे उरले होते: तिला कळेल अशी गीता.

१९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेण्यास आले. सूतकताई, विणकाम, शेती, स्वयंपाक, शौचालयांची सफाई आणि या सर्वांच्या बरोबरीने अध्ययन व अध्यापन, असा तेथील दिनक्रम होता. दशकभर त्यांनी गीतेचे शब्द मनात घोळवले. पण लेखणी हाती घेतली नाही. ग्रंथ आधी आपल्या वागण्यात उतरावा आणि मगच आपल्या भाषेत, असा जणू त्यांनी स्वतःवर निर्बंध घातला होता. अखेर ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी रचनेस आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. तिचे नाव त्यांनी ‘गीताई’ ठेवले. गीता ही आईच, आणि गीता आईसाठी, असे दोन्ही अर्थ त्या एका नावात सामावले आहेत.

‘गीताई’चे मोठेपण तिच्या साधेपणात आहे. मूळ श्लोकाशी श्लोक जुळवूनही तिची मराठी कोठे अडखळत नाही. पांडित्य दाखवणारे शब्द विनोबांनी निग्रहाने दूर ठेवले. ज्ञानदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या वाणीने घराघरांत रुळलेली शब्दकळा त्यांनी निवडली. तिच्या प्रती पुढे लाखोंच्या संख्येने घरोघर पोहोचल्या. जात्यावर, देवघरात, शेताच्या बांधावर आणि शाळेच्या प्रार्थनेत ती म्हटली जाऊ लागली. एका गृहिणीने जी उणीव बोलून दाखवली होती ती महाराष्ट्रातील असंख्य गृहिणींची होती.

‘गीताई’ लिहून झाली. पण शब्द सोपे झाल्याने आचरण सोपे होत नाही. ते काम १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात घडले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील सत्याग्रही तेथे बंदिवान होते. त्यांच्या आग्रहावरून २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, याप्रमाणे अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने विनोबांनी दिली. ऐकणाऱ्यांत विद्वान थोडे. बहुतेक साधे कार्यकर्ते होते. घर, शेती, धंदा मागे टाकून आलेल्या या माणसांच्या मनात पुढे काय, हाच प्रश्न होता. म्हणून विनोबांनी मतमतांतरांचे खंडनमंडन टाळले आणि विहीर, नांगर, चूल, दिवा, आईचे मूल अशा नित्याच्या गोष्टींतून गीता समजावली. श्रोत्यांत बसलेल्या साने गुरुजींनी ही प्रवचने त्या त्या वेळी लिहून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात याच साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी घरांनी जिवापाड जपलेली ही दोन्ही पुस्तके तुरुंगाच्या भिंतींआड, एका वर्षाच्या अंतराने, एकाच लेखणीतून उतरली, आणि दोन्हींच्या मुळाशी एकेक आई होती.

या प्रवचनांतील एक विचार विनोबांचा विशेष मानला जातो. गीतेत आलेल्या विकर्म या शब्दाचा अर्थ अनेकांनी निषिद्ध कर्म असा केला होता. विनोबांनी त्याचा अर्थ विशेष कर्म, म्हणजे बाहेरच्या कामाला मनाची मिळणारी आतली जोड, असा लावला. हात काम करतो ते कर्म. त्या कामात चित्त ओतले जाते ते विकर्म. दोन्ही एकत्र आली की कामाचा भार उरत नाही, करूनही न केल्यासारखे वाटते, आणि तेच अकर्म. आजारी लेकराच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या आईला आपण फार मोठे काम केले असे वाटत नाही. नेमून दिलेल्या तासांसाठी बसलेल्या परक्याला मात्र तीच रात्र जड जाते. काम तेच, फरक आतला. संसार सोडल्याखेरीज गीता आचरता येत नाही, ही समजूत या विचाराने दूर केली. गीतेसाठी माणसाला आपले काम बदलावे लागत नाही. कामातील आपले मन बदलावे लागते.

हा अर्थ विनोबांनी आधी स्वतःवर तपासून पाहिला. धुळ्याहून सुटल्यावर ते वर्ध्याजवळील नालवाडीत राहिले. दिवसाचे बरेच तास सूत कातावे आणि त्याची जी मजुरी होईल तेवढ्यातच आपला निर्वाह करावा, असा प्रयोग त्यांनी केला. त्या काळी कातणाऱ्या बाईला मिळणारी मजुरी किती तुटपुंजी आहे, हे त्यातून त्यांना आपल्या पोटावरून कळले. १९३८ मध्ये प्रकृती अगदी ढासळली तेव्हा ते पवनारला, धाम नदीच्या काठी राहायला गेले. तेथील मोकळ्या हवेत, जमीन खणण्याच्या व्यायामाने त्यांची प्रकृती सुधारली, आणि ते स्थान कायमचे त्यांचे झाले. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली, तोवर देशातील बहुसंख्य लोकांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. पुढच्या कारावासांत त्यांनी दक्षिणेकडील भाषा शिकून घेतल्या आणि सिवनीच्या तुरुंगात स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. सुटकेनंतर, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देश असताना, हा पंडित रोज सकाळी खांद्यावर फावडे घेऊन पवनारजवळच्या सुरगावला जात असे आणि तेथील रस्त्यांवरचा मैला उचलून त्याच्यावर माती टाकत असे. ईशावास्य उपनिषद रोज म्हणायचे, आणि सारे जग ईश्वराने व्यापलेले आहे हा त्याचा अर्थ गावच्या घाणेरड्या रस्त्यावर विसरायचा, हे त्यांना जमणारे नव्हते.

ग्रंथाकडे पाहण्याची ही दृष्टी एका धर्मापुरती राहणेही शक्य नव्हते. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून विनोबांनी अरबी भाषेचा अभ्यास केला आणि उच्चार शुद्ध व्हावेत यासाठी कसून मेहनत घेतली. वर्षानुवर्षांच्या अध्ययनातून ‘कुराण-सार’ सिद्ध झाले. त्यांनी ख्रिस्ती धर्माचे सार काढले, शिखांच्या जपुजीवर विवरण केले, धम्मपदाची नवी मांडणी केली. जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा एक ग्रंथ व्हावा, हा त्यांचा आग्रह १९७४ मध्ये ‘समणसुत्तं’च्या रूपाने फळास आला. ग्रंथातील प्रत्येक शब्द जसाच्या तसा उचलावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. काळाच्या ओघात त्यांत बरेच काही मिसळते. त्यातून सार घ्यावे आणि असार सोडावे, असे ते सांगत. त्यांनी काढलेल्या प्रत्येक साराच्या मुळाशी हीच निवड होती.

ही निवड करताना प्रसंगी किंमतही द्यावी लागली. १९५३ मध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे दलित बांधवांसह ते मंदिरात गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. विनोबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मारहाण सहन करावी लागली. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, अशी मागणी त्यांनी केली नाही. जगन्नाथपुरीला सोबतच्या परदेशी भगिनीला प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तेही दाराबाहेरूनच परतले. १९५८ मध्ये पंढरपूरला मात्र वेगळे घडले. साने गुरुजींच्या उपोषणाने अकरा वर्षांपूर्वी दलितांसाठी खुल्या झालेल्या विठ्ठल मंदिरात विनोबा अन्य धर्मांच्या सहकाऱ्यांना घेऊन गेले आणि विठोबाच्या चरणी त्यांचे अश्रू अनावर झाले.

भूदान हे विनोबांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य. त्याचा उगमही याच दृष्टीत आहे. ८ मार्च १९५१ रोजी ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. संमेलनानंतर, रक्तपाताने होरपळलेल्या तेलंगणात फिरत असता १८ एप्रिल रोजी ते पोचमपल्ली या गावी आले. तेथील चाळीस दलित कुटुंबांनी उपजीविकेसाठी ऐंशी एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याची गोष्ट निघाली. पण विनोबांनी आधी गावालाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. एका गावात घडले ते देशभर घडू शकेल का, याचे गणित ते करत राहिले. तांदळाच्या दाण्यांपुढे गणित थांबवणाऱ्या मुलाने आता गणित आणि श्रद्धा या दोन्हींचा एकत्र आधार घेतला. पाच मुले असतील तर आपल्याला सहावा समजून सहावा हिस्सा द्या, असे ते गावोगाव सांगत. दान म्हणजे उपकार नव्हे, तर वाट्याचे योग्य विभाजन, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावर नेला. फणसाचे गरे आधी शेजाऱ्यांना देण्याची आईची रीत येथे जमिनीला लागू झाली.

जवळजवळ तेरा वर्षे ते चालत राहिले. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, अंधारातच कंदिलाच्या उजेडात चालायला लागणे, नव्या गावी पोहोचून लोकांशी बोलणे, असा क्रम ऊन, थंडी, पावसात चुकला नाही. वाटेत मिळणाऱ्या लोकांच्या हाती ते ‘गीता प्रवचने’ देत आणि प्रतीवर स्वाक्षरी करत. १९६२ मध्ये त्यांनी पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा केली आणि तेथेही भूमिहीनांसाठी जमीन मिळाली. लक्षावधी एकर जमीन दानात आली. मात्र त्यातील बरीचशी खडकाळ होती, काही वादातली होती, आणि पुष्कळशी भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. या आंदोलनाचे मोजमाप करणाऱ्यांनी या उणिवा दाखवल्या, आणि त्या खऱ्याच आहेत. माणसाच्या अंतःकरणात क्षणभर जागलेला भाव वर्षानुवर्षे टिकवण्यासाठी केवळ श्रद्धा पुरत नाही; कागदपत्रे, मोजणी आणि सातत्य यांचीही गरज असते, हे भूदानाने शिकवले.

आयुष्याच्या उत्तरार्धात एका ग्रंथातील शब्दानेच विनोबांना मोठ्या वादात ओढले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी एक वर्षाचे मौन धारण केले होते. १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली, तेव्हा जयप्रकाश नारायण यांच्यासह त्यांचे अनेक जुने सहकारी तुरुंगात गेले. मौनातील विनोबांनी महाभारतातील अनुशासनपर्वाचा निर्देश केला, आणि शासनाने तो आणीबाणीला मिळालेला आशीर्वाद म्हणून सर्वत्र मिरवला. शासन सत्ताधीशांचे आणि अनुशासन आचार्यांचे, असा भेद विनोबांच्या मनात होता. तो त्यांनी मौन सुटल्यावर स्पष्ट केला आणि १९७६ च्या आरंभी पवनारला आचार्यांचे संमेलनही भरवले. परंतु तोवर शब्द हातचा गेला होता. स्पष्ट विरोधाची अपेक्षा असलेल्या अनेकांना त्यांची ती भूमिका अपुरी वाटली, आणि हा आक्षेप आजही मिटलेला नाही. धर्मग्रंथाचा आधार घेणाऱ्यासाठी या प्रसंगात एक गंभीर इशारा आहे. ग्रंथातील शब्द कितीही पवित्र असला, तरी तो कोणत्या वेळी, कोणाच्या कानी पडतो यावर त्याचा परिणाम ठरतो.

आईच्या ऋणाची आणखी एक फेड विनोबांनी केली होती. २५ मार्च १९५९ रोजी त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. वेदान्ताचे अध्ययन आणि संन्यस्त जीवन यांचे अधिकार परंपरेने पुरुषांकडे ठेवले होते. ते स्त्रियांनी सामूहिकपणे आणि स्वतःच्या बळावर हाती घ्यावेत, हा या आश्रमाचा हेतू. तेथील भगिनी शेती करतात, स्वयंपाक आणि सफाई करतात, छपाईचे काम सांभाळतात, आणि प्रार्थना व अध्ययनही करतात. कोणी वरिष्ठ, कोणी कनिष्ठ नाही; निर्णय सर्वसंमतीने होतात. संस्कृत येत नाही म्हणून जिला गीतेच्या दारातून परतावे लागले होते, तिच्या मुलाने स्त्रियांसाठी ते दार पुरतेच उघडले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी प्रकृतीला थोडा उतार पडू लागला होता. पण देहाचे काम संपले आहे, असा निर्णय करून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. डॉक्टरांनी, सहकाऱ्यांनी, देशातील थोरामोठ्यांनी विनवले. त्यांनी निश्चय बदलला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, शांत चित्ताने त्यांनी देह ठेवला. जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकण्याचा गीतेतील विचार त्यांनी अर्धशतकापूर्वी धुळ्याच्या बंदिवानांना समजावून दिला होता. पुढील वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर भारतरत्न दिले.

वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. तेथे छप्पर नाही, गाभारा नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आकाशाखाली उभ्या शिळा आहेत आणि त्यांवर ‘गीताई’चे श्लोक कोरलेले आहेत. येणारा माणूस एकेका शिळेपाशी थांबतो, वाचतो आणि पुढे सरकतो. त्या शिळांवरील मराठी वाचण्यासाठी संस्कृतचे पंडित असण्याची आवश्यकता नाही; बडोद्यातील त्या स्वयंपाकघरात दुपारची कामे आटोपून बसलेल्या रुक्मिणीबाईंनाही ती सहज वाचता आली असती.